मराठी गाण्याला भर दिवसाची वेळ द्या
खासगी एफएम रेडिओबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती व प्रसारण, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र शासन, मुंबई
(मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी यांच्यामार्फत)

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातील जाखडी, नमन व भजनाचे शाहीर आणि बुवा, सुगम व नाट्यसंगीताचे गायक, साथीदार आणि ध्वनिमुद्रक यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करत आहोत.

ही मागणी रत्नागिरीतून का, असे कोणी विचारील. आमचा मोठा श्रोता मुंबईत आहे म्हणून. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी उरलेले वर्ष लालबाग, डोंबिवली, विरारला काढतो आणि जाखडीच्या शक्ती-तुरा सामन्याला तिकीट काढून बसतो. मुंबईच्या खासगी एफएमवर मात्र त्याला मराठी गाणे शोधत बसावे लागते. मराठी गाणी लावली तर वाहिनी ‘डाउनमार्केट’ वाटेल, असे आपल्याला एका रेडिओवर ऐकवले गेल्याचे संगीतकार कौशल इनामदार यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्यातूनच २०१० साली शेकडो गळ्यांचे मराठी अभिमानगीत उभे राहिले. गीत घराघरांत पोहोचले, पण वाहिन्यांवर कोणतेही बंधन आले नाही.

आम्हाला कोणत्याही गाण्यावर बंदी नको. तो प्रयोग या देशात एका मराठी मंत्र्यानेच करून पाहिला आहे. १९५२ साली बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्यांना परत आणावे लागले. आम्ही मागतो तो वाटा. इतरांचे गाणे बंद करा असे आम्ही म्हणत नाही.

वाटा ठरवून देण्याची रीत जगात जुनी आहे. कॅनडात ती १९७१ पासून आहे. फ्रान्समध्ये १९९४ च्या कायद्याने ४० टक्के फ्रेंच गाण्यांची अट आली आणि १९९६ पासून ती लागू झाली. पण त्यांची अट जशीच्या तशी उचलून आमचे भागणार नाही. त्यांचा प्रश्न परदेशी गाण्याचा आहे. आपल्याकडे हिंदी चित्रपटगीत भारतीयच असल्याने ‘राष्ट्रीय’ कोटा काही न करता पूर्ण होतो आणि जाखडी होती तिथेच राहते. कोटा हवा तो राज्याच्या भाषेचा.

टक्केवारीत पळवाटा निघतात, हेही त्या देशांकडून शिकावे. बंधनातली गाणी वाहिन्या आडवेळी उरकतात, म्हणून कॅनडाने सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेसाठी वेगळी अट घातली. फ्रान्समध्ये ठरावीक गाणीच फिरवून कोटा भरला जाऊ लागला. तेव्हा २०१६ मध्ये कायदा बदलला : दहाच गाण्यांनी निम्म्याहून जास्त कोटा भरत असेल, तर त्यापुढची वाजवणी हिशेबात धरली जात नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी. महाराष्ट्रातील प्रत्येक खासगी एफएम वाहिनीवर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील गाण्यांपैकी किमान ४० टक्के मराठी असावीत, त्यातला चौथा हिस्सा बिगरचित्रपट असावा आणि दहा गाण्यांचा फ्रेंच नियम इथेही लागू व्हावा. श्रोता दुसरी वाहिनी लावील, ही भीती एकट्या वाहिनीपुरती खरी आहे. नियम सगळ्यांना सारखा असला की तीही उरत नाही.

ही अट घालायची वेळ आताच आहे. जुन्या वाहिन्यांपैकी अनेकांचे परवाने १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षांचे आहेत, म्हणजे २०३० मध्ये करार नव्याने होतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना हे त्याचे कारण सांगितले. कारण सांगितले आहेच, तर ते करारातही लिहावे. शिवाय शहरे निवडताना लावलेल्या लाखभर लोकसंख्येच्या निकषामुळे २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार लोकसंख्येची रत्नागिरी बाहेरच राहते. जिल्हा मुख्यालयांसाठी हा निकष शिथिल करावा.

प्रसारण हा विषय केंद्राच्या सूचीत येतो, हे राज्य शासनाचे उत्तर आम्हाला पाठ आहे. शासकीय जाहिराती कोणाला द्यायच्या, हे तर राज्याच्याच हातात आहे ना? दिवसा मराठी गाण्यांचा वाटा पाळणाऱ्या वाहिनीलाच त्या द्याव्यात. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्यासाठी शासन पुढे आले होते. तेव्हाची तत्परता रेडिओसाठीही दाखवावी.

आता आमच्याकडची अडचण. जाखडीत बुवा मध्ये बसतो, पायात चाळ बांधलेले गडी भोवती फेर धरतात आणि सवाल-जवाब रात्रभर चालतात. रेडिओला तीन-चार मिनिटांचे स्वच्छ मुद्रण लागते, हक्काचे कागद लागतात. बहुतेक शाहिरांकडे दोन्ही नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, पण नावनोंदणीच नसेल तर पैसे यायचे कुठून? तेव्हा सांस्कृतिक कार्य विभागाने रत्नागिरीत मुद्रणासाठी अनुदान आणि नोंदणीची शिबिरे द्यावीत. आकाशवाणी रत्नागिरीने जपलेली जुनी मुद्रणे, कलावंतांचा मोबदला राखून, खासगी वाहिन्यांना माफक शुल्कात मिळावीत.

कोणत्या वाहिनीने किती मराठी गाणी कोणत्या वेळी लावली, याची यादी दर महिन्याला संकेतस्थळावर जाहीर व्हावी. ही यादी वाहिन्यांच्या संगणकात असतेच.

या मागण्यांवर चर्चेसाठी वाहिन्यांचे प्रतिनिधी आणि आम्हाला एकत्र बोलवावे. बैठक शिमग्याच्या दिवसांत मात्र ठेवू नये, आमच्यातला एकही माणूस तेव्हा मोकळा नसतो.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
रत्नागिरी