शिवनेरीचा पायथा आणि बुडालेले आंबेगाव

१८९६ साली विल्यम ब्रायन यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू घेऊन आगगाडीने अमेरिका पालथी घातली; शेकडो सभा गाजविल्या. प्रतिस्पर्धी मॅकिन्ले घराच्या ओसरीवरूनच बोलले आणि धनिकांच्या पैशाने छापलेल्या पत्रकांच्या बळावर अध्यक्ष झाले. पैशापुढे वक्तृत्व हरले, एवढेच म्हणून भागत नाही. चांदीच्या नाण्याने भाकरी महागेल, ही कारखान्यांतील मजुरांची धास्ती ब्रायन यांना घालविता आली नाही.

उलट १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारात अत्रे यांची भाषणे आणि अमर शेखांचा डफ पश्चिम महाराष्ट्रभर प्रभावी ठरला, कारण मागणी मुळात श्रोत्यांचीच होती.

जुन्नरला शिवनेरीच्या पायथ्याशी बहुतेक वक्ते शिवजन्माने आरंभ करतात, टाळ्या हमखास. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. फड कसा रंगवितात हे तेथील श्रोत्याला का शिकवावे लागते! पण डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, महादेव कोळ्यांची भातखाचरे गेली आणि पाणी कालव्यांनी खालच्या बागायतीकडे वाहिले. त्या पाण्यातील आदिवासींच्या वाट्याविषयी मंचरच्या सभेत किती वाक्ये बोलली जातात, ती कार्यकर्त्यांनी पुढील निवडणुकीत मोजून पाहावीत.