नांव झांकलेली बाटली

मद्याचा विषय या पानावर पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या भुंवया चढतील, हें आम्ही जाणून आहों. आमच्या घरीं द्राक्षें येतात तीं ताजीं तरी, नाहीं तर बेदाणा होऊन तरी. तिसऱ्या रूपांत तीं आजवर उंबरठा ओलांडून आलेलीं नाहींत, आणि यावींत असा आमचा आग्रहहि नाहीं. परंतु अमेरिकेंतील वाइनच्या शौकिनांचा एक खेळ आमच्या वाचनांत आला, आणि त्यांत मनुष्यस्वभावाचें जें प्रतिबिंब दिसलें तें थेट आमच्या माजघरापर्यंत येऊन पोंचलें. म्हणून हा प्रपंच.

कॅलिफोर्निया संस्थानांत नापा नांवाचें एक लहानसें खोरें आहे. तेथील काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांपासून होणाऱ्या तांबड्या वाइनची ख्याती मोठी व किंमतहि तशीच. नामांकित उत्पादकाची एक बाटली शंभर डॉलरांच्या वर सहज जाते. आतां एखाद्या वर्षीं पीक उदंड आलें किंवा मागणी आटली, म्हणजे या उत्पादकापुढें पेंच पडतो. पिंपें भरलेलीं आहेत, पुढचा हंगाम दाराशीं येऊन ठेपला आहे, आणि कर्जाचें व्याज तर कोणासाठीं थांबत नाहीं. माल स्वस्त विकावा, तर ज्यांनीं कालच पुरी किंमत मोजली ते लोक काय म्हणतील? शिवाय नांवाची एकदां उतरलेली किंमत पुन्हां चढविणें महाकठीण. अशा वेळीं तो मध्यस्थ व्यापाऱ्यास गांठतो. व्यापाऱ्यानें वाइन घ्यावी, स्वतःचें लेबल लावून पुष्कळ कमी किंमतीस विकावी, आणि ती मूळची कोणाची हें कोणासहि सांगूं नये, असा करार होतो.

दुसऱ्याची वाइन विकत घेऊन आपल्या नांवानें विकण्याचा धंदा फ्रान्सांत जुनाच आहे. तेथें अशा व्यापाऱ्यास ‘नेगोसियां’ म्हणतात. अमेरिकेंत या शतकाच्या आरंभीं सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅमेरॉन ह्यूज यांनीं त्यास नवें रूप दिलें. त्यांच्या बाटलीवर मूळ उत्पादकाचें नांव नसे, केवळ एक क्रमांक असे. २०२० सालीं त्यांनीं याच धर्तीवर दुसराहि व्यवसाय काढला. ऑस्ट्रेलियांत अशा निनांवी बाटलीस ‘क्लीनस्किन’ म्हणतात. हा शब्द मूळचा गुराख्यांचा: मालकाच्या खुणेचा डाग न दिलेलें जनावर, असा त्याचा अर्थ.

इथवर हा साधा व्यापार झाला. खेळ सुरू होतो तो बाटली घरीं आल्यावर. चार मित्र जमतात, प्याला गोल फिरवून वास घेतात, घोंट तोंडांत घोळवतात, आणि मग हेरगिरीस आरंभ होतो. व्यापाऱ्यानें जाहिरातींत कांहीं धागे दिलेले असतात: द्राक्षें कोणत्या भागांतलीं, साल कोणतें, कोणत्या जातीचा हिस्सा किती, मद्यार्क शेंकडा किती, ओकच्या पिंपांत मुक्काम किती महिने. हे आंकडे नामांकित उत्पादकांनीं प्रसिद्ध केलेल्या माहितीशीं ताडून पाहावयाचे. ओकव्हिल किंवा रदरफर्ड अशा एखाद्या पोटविभागाचें नांव लेबलावर असलें, तर संशयितांची यादी एकदम आंखूड होते. कारण तें नांव लावावयाचें तर शेंकडा ८५ द्राक्षें तेथलीं असावीं लागतात, असा कायदा आहे. सरकारनें मंजूर केलेल्या लेबलांची नोंदवही लोकांस खुली असते. तीहि हे लोक चाळतात. बुचावरचा ठसासुद्धां त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं.

खेळ बुद्धीचा खरा. तथापि धागे दिसतात तितके पक्के नाहींत. मद्यार्काचाच आंकडा घ्या. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें मद्यार्क शेंकडा १४ हून अधिक असल्यास लेबलावरील आंकडा प्रत्यक्षाहून १ नें इकडेतिकडे असलेला चालतो. १४ किंवा त्याहून कमी असल्यास दीडनें. तेव्हां दोन्ही बाटल्यांवर १४.८ छापलें आहे, एवढ्यावरून त्या एकाच घरच्या ठरत नाहींत. याहून मोठी अडचण पुढेंच आहे. मोठे उत्पादक अनेक पिंपें चाखून त्यांतील निवडक एकत्र करतात व उरलेलीं बाजूला काढतात. व्यापाऱ्याच्या हातीं निवडींतली वाइन आली कीं बाजूला काढलेली, हें नांव अचूक ओळखूनहि कसें समजावें? नांव सांपडतें, पण बाटलींत काय आहे तें पुन्हां जिभेलाच विचारावें लागतें.

शिवाय या खेळांत एक कांटाहि आहे. ज्या मौनामुळें बाटली स्वस्त पडली, तें मौनच मोडण्यांत शौकिनांस आनंद! ओळखलेलें नांव चार मित्रांत राहिलें तर बिघडलें नाहीं. गांवभर झालें, तर तो उत्पादक पुढच्या वर्षीं आपलीं पिंपें त्या व्यापाऱ्यास देण्यापूर्वीं दहादां विचार करील.

मग यांस नांव हवें तरी कशाला? वाइन आवडली असेल तर ती नांवावांचूनच आवडली, आणि न आवडली तर नांवानें गोड होणार नाहीं, असें तर्क सांगतो. अनुभव निराळें सांगतो. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें फ्रेंच जाणकारांपुढें फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाइन नांवें झांकून ठेविल्या. तांबड्यांत स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स आणि पांढऱ्यांत शातो मॉन्टेलेना पहिल्या आल्या. दोन्ही उत्पादक नापाचे, दोन्ही वाइन १९७३ सालच्या. नांवें उघडीं असतीं तर हा निकाल लागला असता काय? बोर्दो येथील संशोधकांनीं पांढऱ्या वाइनमध्यें वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती वाइनविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांस दिली. त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्याच शब्दांनीं केलें. हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं एकच वाइन एकदां १० डॉलरांची व एकदां ९० डॉलरांची म्हणून पाजल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ९० म्हटलें तेव्हां ती अधिक रुचली, आणि मेंदूंतील सुखाशीं संबंध असलेल्या भागांतहि चलनवलन वाढलेलें दिसलें. म्हणजे पिणारे खोटें बोलत नव्हते. नांव आणि किंमत खरोखरच चवींत उतरतात.

हें वाचून आम्ही हंसलों. पण हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. पहिल्या घांसाबरोबर ‘आज आमटी कोणाची?’ असें विचारावें, आणि उत्तर ऐकून मग चव ठरवावी, ही आमची जुनी खोड. आईची म्हटलें कीं आमटी उत्तम. धाकट्या बंधूंच्या पत्नीची म्हटलें कीं, ‘बरी आहे, पण गूळ अंमळ कमी पडला.’ गेल्या चातुर्मासांत एके दिवशीं कामाच्या घाईंत आम्ही प्रश्न करावयास विसरलों. आमटी दोनदां मागून घेतली, आणि ‘आईच्या हाताची सर कोणास येणार!’ असें बोलूनहि गेलों. आई पलीकडे जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, “अरे, आज माझा उपास. मी स्वयंपाकघरांत पाऊलसुद्धां टाकलें नाहीं.”

वाढणारीनें मान वर केली नाहीं. आमची वाटी मात्र तिसऱ्यांदा भरली. या घरांत तिला येऊन सात वर्षें झालीं. सात वर्षें जो गूळ कमी पडत होता तो आमटींत नव्हे, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

त्या परदेशी शौकिनांची एक रीत मात्र घेण्यासारखी आहे. त्यांच्यांतले जे खरे दर्दी, ते नांव उघड होण्यापूर्वीं आपलें मत कागदावर लिहून ठेवतात, म्हणजे मागाहून फिरवितां येत नाहीं. आमच्या पंगतींत कागद कोठला? आमटीचा प्रश्न जेवण आटोपल्यावरच विचारावयाचा, एवढें आम्हीं ठरविलें आहे. खोड जुनी आहे. अजूनहि कधीं कधीं ओंठांपर्यंत येते. तेव्हां आम्ही आणखी एक घांस घेतों.