संगणकाच्या अंगणात : पंचवीस बाइटचं गाव

दोस्तांनो, आज आधी एक गणित. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात 'वरवट बकाल' नावाचं गाव आहे. हे नाव संगणकात साठवायला किती जागा लागेल?

बोटं मोजा. व, र, व, ट, ब, क, काना, ल. झाली आठ चिन्हं. संकेतस्थळांवर युनिकोडची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे २४. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा १ बाइट. एकूण २५!

आता मोबाइलवर काढलेला एक फोटो घ्या. तो सहज ३ एमबीचा, म्हणजे सुमारे ३० लाख बाइटचा असतो. तेवढ्या जागेत वरवट बकालचं नाव १ लाख २० हजार वेळा मावेल. आहे की नाही गंमत?

पण या गमतीतच एक मोठी गोष्ट लपली आहे, बरं का! समजा, तिथल्या मुलांनी गावाचं संकेतस्थळ बनवायला घेतलं. हा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीतलं पाणी खारट, म्हणून नळाच्या पाण्याचं मोल फार. 'उद्या नळाला पाणी येणार नाही' ही सूचना घरोघरी पोचायलाच हवी. मुलांनी काय केलं? फळ्यावरच्या सूचनेचा फोटो काढला आणि दिला टाकून. झालं काम!

खरंच झालं का? रेंज कमी असेल आणि सेकंदाला १ मेगाबिटच माहिती येत असेल, तर तो फोटो उघडायला २४ सेकंद लागतील. तीच सूचना टाइप केली तर? अवघे ७३ बाइट! डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर.

आणि ज्या आजोबांना दिसत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्राम असतात. संगणकावरचा 'एनव्हीडीए' तर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ साली बनवायला घेतला. असा प्रोग्राम टाइप केलेली अक्षरं घडाघडा वाचतो. फोटो आला, की बहुतेक वेळा नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. हल्ली फोटोतली अक्षरं ओळखायचाही प्रयत्न होतो. पण फळ्यावरचं खडूचं अक्षर दर वेळी बरोबर ओळखलं जाईलच, असं नाही. मग आजोबा दुसऱ्या दिवशी रिकामा हंडा घेऊन नळापाशी!

पाहिलंत? पान हळू उघडतं आणि आजोबांना ऐकू येत नाही, ही दुखणी दोन. पण औषध एकच. जे शब्दांत सांगता येतं, ते टाइप करा.

मग फोटो टाकायचेच नाहीत? टाका की! पण आधी त्यांचा आकार कमी करा. 'वेबपी' प्रकारात साठवले तर बहुतेक फोटो आणखी हलके होतात. पानाच्या तळाशी असलेले फोटो वाचणारा तिथवर पोचला की मगच उघडतील, अशी सोयही करता येते. प्रत्येक फोटोला 'आल्ट' नावाची एक ओळ जोडा : 'कापसाने भरलेली बैलगाडी'. ही ओळ आजोबांना ऐकू येईल.

अक्षरांचा रंगही नीट निवडा. पांढऱ्यावर फिकट पिवळं नको. जागतिक नियमांप्रमाणे साध्या मजकुराचा रंग आणि पाठीमागचा रंग यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. भर उन्हात वावरात उभं राहून फोन बघणाऱ्यालाही त्याचा फायदाच.

करून पाहा : घरच्यांना विचारून अँड्रॉइड फोनमधलं 'टॉकबॅक' सुरू करा. डोळे मिटा आणि तुमच्या शाळेचं किंवा गावाचं एखादं पान ऐका. किती कळलं, ते वहीत लिहा. मात्र 'टॉकबॅक' बंद कसं करायचं, ते आधीच पाहून ठेवा हं! ते सुरू असताना एकदा बोट लावून काही उघडत नाही, दोनदा टकटक करावी लागते. नाहीतर उडायची घाबरगुंडी!