दुसऱ्याच्या नावाचा दिवा

चंद्रपूरसारख्या गावी पन्नाशी उलटलेल्या माणसाची आणि चित्रकलेची पहिली भेट बहुधा दिवाणखान्याच्या भिंतीवर झालेली असते. आमच्या घरी देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एक तसबीर अशी होती की, जिच्यात कोणी देव नव्हता. एक तरुण स्त्री, तिच्या एका हातात दिवा, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि त्या बोटांतून पाझरून चेहऱ्यावर चढलेला तांबूस उजेड. आल्यागेल्याला वडील सांगत, 'हे रविवर्म्याचे.' पुढे प्राध्यापक झाल्यावर मीही वर्गात हेच वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि ज्याच्या पदरी विश्वविद्यालयाची पदवी आहे त्याच्या शब्दाविषयी शंका घ्यावी, असे एकाही विद्यार्थ्यास वाटले नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा कळले की हे चित्र रविवर्म्याचे नव्हेच. स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटली खरी. परंतु ते अज्ञान माझ्या एकट्याचे नाही, तो आपल्या समाजाचा जुना रोग आहे, अशी खात्री पटल्यावरूनच हे चार शब्द लिहीत आहे.

चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. हा चित्रकार 1882 साली सावंतवाडीस जन्मला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, 1908 साली त्याने मुंबईत स्वतःची चित्रकला-संस्था काढली, 1918 साली 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया'च्या स्थापनेत भाग घेतला, आणि 1968 साली तो निवर्तला. ज्या चित्राला आज जग 'ग्लो ऑफ होप' म्हणते, त्यातील स्त्री ही त्याची स्वतःची मुलगी गीता. बापासाठी हातात दिवा धरून ती तासन्तास उभी राहिली. पुढे गीताबाई उपळेकर म्हणून त्या कोल्हापुरात राहिल्या आणि 2018 साली वयाच्या 102 व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

आता साधा हिशेब करावा. राजा रविवर्मा 1906 साली वारला. चित्रातील मुलगी त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी जन्मास आली! जी या जगात आलीच नव्हती तिला समोर उभी करून चित्र काढण्याचे सामर्थ्य रविवर्म्याच्याही कुंचल्यात नव्हते. म्हणजे आमचे मत खोडून काढण्यास कलाशास्त्राच्या पांडित्याची यत्किंचितही गरज नव्हती. प्राथमिक शाळेतील वजाबाकी पुरेशी होती. तीही आम्ही केली नाही, कारण प्रश्न विचारावा असेच कोणास वाटले नाही.

ही चूक कशी रुजली हेही पाहण्यासारखे आहे. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत चित्रे घरोघर पोहोचली, आणि एका चित्रकाराचे नाव हळूहळू एका प्रकारच्या तसबिरीचे नाव होऊन बसले. स्त्री सुंदर, लुगडे चापूनचोपून नेसलेले, चौकट जड, की झाला रविवर्मा. त्यातून म्हैसूरच्या त्याच दालनात रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत. शेजारच्या थोराची सावली या चित्रावर पडली तर नवल नाही. चूक समजण्यासारखी आहे. परंतु ती समजल्यावरही जे तिला कवटाळून बसतात, त्यांच्याशी मात्र भांडण आहे.

असे लोक दोन प्रकारचे. पहिल्यांचे म्हणणे असे की, चित्र सुंदर आहे ना? मग ते कोणी काढले याची उठाठेव कशाला? हा आक्षेप रसिकतेचा आव आणतो. वस्तुतः तो अरसिकतेचा कळस आहे. हळदणकरांचे हे चित्र जलरंगातील आहे. तैलरंगात काम करणारा काळोख आधी भरतो आणि उजेड मागाहून त्यावर चढवतो. चूक झाली तर वरून पुन्हा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा मूळचा पांढरेपणा. तो आरंभापासून राखून ठेवावा लागतो आणि त्याच्या भोवतीने काळोख उतरवीत न्यावा लागतो. एकदा गेलेला उजेड सहसा परत मिळत नाही. त्या बाईने ज्योत जपावी तसा चित्रकाराने कागद जपला आहे! रविवर्म्याची कीर्ती मुख्यतः तैलचित्रांची. त्याचे नाव मनात धरून मी या चित्राकडे पन्नास वर्षे तैलचित्र म्हणून पाहिले, आणि त्यातील खरा पराक्रम माझ्या डोळ्यांना एकदाही दिसला नाही. खोट्या नावाने कर्त्याचे नुकसान होतेच. पण पाहणाराही आंधळा होतो.

दुसऱ्यांचे म्हणणे अधिक गंभीर आहे. ते म्हणतात, आपल्या परंपरेत कलावंत नाव कोरीत नसे; नावाचा हव्यास पाश्चात्यांचा. या मंडळींना मी आमच्या वैनगंगेकाठी येण्याचे निमंत्रण देतो. चामोर्शी तालुक्यात, आता गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंड्याची देवळे आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम आपल्या 1873-74 च्या दौऱ्यानंतर लिहिलेल्या अहवालात त्यांचे सविस्तर वर्णन करून गेला, आणि त्याने ती दहाव्या-अकराव्या शतकातील ठरविली. तेथील शिल्पींनी नावे मागे ठेवली नाहीत. त्यांचा तो विनय आपण शिरोधार्य मानू. परंतु आम्ही काय केले? जुने दगडी देऊळ दिसले की 'हेमाडपंती' म्हणण्याच्या सवयीने, तेराव्या शतकातील यादवांच्या प्रधानाचे नाव त्याच्या आधीच्या देवळांना खुशाल चिकटविले. आणि अलीकडे कौतुक करावयाचे झाले तर आम्ही अभिमानाने म्हणतो, 'मार्कंडा म्हणजे विदर्भाचे खजुराहो!' ज्या कारागिरांनी वैनगंगेच्या तीरावर, याच रानात, दगडाला बोलते केले, त्यांच्या वाट्याला आमच्याकडून स्तुतीसुद्धा उसनी! कर्त्याने नाव न सांगणे हा त्याचा विनय होय. त्याच्या कामावर आपण दुसऱ्याचे नाव लावणे ही चोरी होय. या दोहोंत गल्लत करून परंपरेच्या आड लपता येणार नाही.

कोणी म्हणेल, हा तर मराठीपणाचा अभिमान. मलयाळी चित्रकाराच्या पदरातून एक रत्न हिसकावण्याची धडपड. तसे मुळीच नाही. रविवर्म्याची थोरवी त्याच्या स्वतःच्या चित्रांवर भक्कम उभी आहे. तिला उसन्या दिव्याची गरज नाही. उलट जे चित्र त्याने काढलेच नाही त्यासाठी त्याची वाहवा करणे, हा त्याचाही अपमान आहे, कारण मग आपल्याला त्याचा हात ओळखताच येत नाही हे उघड होते. उद्या एखाद्या मराठी थोराच्या नावावर परक्या प्रांतातील अनामिकाचे काम खपविले गेले, तरी माझे म्हणणे हेच राहील.

माझे मागणे फार मोठे नाही. शाळेत चित्र दाखविले जाते तेव्हा शिक्षकाने 'कसे आहे?' याबरोबर 'कोणाचे आहे, आणि हे आपल्याला कशावरून ठाऊक?' असेही विचारावे. ज्या कामाचा कर्ता ठाऊक नाही, त्याखाली 'कर्ता अज्ञात' असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. आणि मार्कंड्यास जाणाऱ्याने खजुराहो घरी ठेवून जावे. तेथे मार्कंडा पाहावा.

वडिलांची ती तसबीर अजून माझ्या भिंतीवर आहे. परवा ती उतरवून तिच्या मागे हळदणकरांचे नाव लिहिले, आणि त्याखाली, तो दिवा तासन्तास सांभाळणाऱ्या गीताबाईंचे. ज्या वर्गांना मी चुकीचे शिकविले ते आता पांगले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आपल्या गुरूची एवढी चूक दुरुस्त करून घ्यावी.