गेटिसबर्गच्या मनोऱ्याचा धडा

३ जुलै २००० रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या लहानशा शहरात एक आगळा समारंभ झाला. हजारो माणसे सुरक्षित अंतरावर उभी होती. यादवी युद्धातील सैनिकांचे गणवेश घातलेल्या हौशी मंडळींनी तोफांचे बार काढले, केंद्रीय मंत्री ब्रूस बॅबिट यांनी इशारा केला आणि तीनशे फुटांहून उंच असा पोलादी निरीक्षण-मनोरा सुरुंगाच्या स्फोटांनी काही सेकंदांत जमीनदोस्त झाला. उपस्थितांनी जल्लोष केला. एखादी इमारत उभी राहिल्याचा उत्सव सर्वत्र होतो. ती पडल्याचा उत्सव क्वचितच पाहावयास मिळतो. परंतु या प्रसंगी मनात येणारा खरा प्रश्न वेगळा आहे. जो मनोरा इतक्यांना नको होता, तो मुळात उभा राहिलाच कसा? आणि उभा राहिल्यावर तो सव्वीस वर्षे टिकला कसा?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी ती जागा कोणती होती हे ध्यानात घ्यावयास हवे. १८६३ च्या जुलै महिन्यात पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्गच्या परिसरात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या सैन्यांची निकराची लढाई झाली. मृत, जखमी, बेपत्ता आणि बंदी अशा दोन्ही बाजूंच्या सैनिकांची संख्या सुमारे ५१ हजारांवर गेली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तेथील सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी अब्राहम लिंकन यांनी जेमतेम दोन-तीन मिनिटांचे भाषण केले आणि ते लोकशाहीच्या इतिहासात अजरामर झाले. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या दक्षिणेचे आक्रमण येथे थोपले. म्हणूनच येथील शेते, टेकड्या आणि दगडी बांध यांना अमेरिकन मनात तीर्थक्षेत्राचे स्थान आहे. १८९५ मध्ये ही रणभूमी राष्ट्रीय उद्यान म्हणून केंद्र सरकारच्या ताब्यात आली.

अशा भूमीच्या कडेला, दफनभूमीच्या नजरेच्या टप्प्यात, भव्य मनोरा बांधण्याची योजना १९७० च्या सुमारास टॉमस ऑटेनस्टाइन या मेरीलँडमधील व्यावसायिकाने पुढे आणली. पैसे देऊन तिकीट काढावे, उद्वाहकाने वर जावे आणि सगळे रणक्षेत्र एका दृष्टिक्षेपात पाहावे, अशी ती कल्पना होती. जमीन खाजगी मालकीची होती आणि तेथे इमारतीच्या उंचीवर मर्यादा घालणारा कोणताही स्थानिक नियम नव्हता. इतिहासप्रेमी मंडळींनी विरोध केला, राष्ट्रीय उद्यान सेवेनेही प्रारंभी विरोध केला आणि राज्याचे राज्यपाल मिल्टन शॅप तर थेट न्यायालयात गेले.

मनोऱ्याच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नव्हते असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. सैन्याच्या हालचाली नकाशावर समजून घेणे सामान्य प्रवाशाला अवघड जाते. कोणती टेकडी कोठे, पायदळ कोठून निघाले, तोफा कोठे होत्या, हे उंचावरून सहज उमगते. पर्यटनाने लहान शहरात चार पैसे येतात, हाही मुद्दा क्षुल्लक नव्हे. उंचावरून रणभूमी पाहण्याची सोय येथे नवीही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या युद्धखात्यानेच लष्करी अभ्यासासाठी तेथे पोलादी निरीक्षण-मनोरे उभारले होते आणि त्यांपैकी काही आजही उभे आहेत. पण ते बेताच्या उंचीचे आहेत आणि परिसरात मिसळून जातात. ऑटेनस्टाइनचा मनोरा रणभूमीच्या कोणत्याही कोपऱ्यातून दिसे. वर चढलेल्या मूठभर लोकांना तो सारे दाखवी, आणि खाली असलेल्या प्रत्येकाला सर्वप्रथम स्वतःला दाखवी. तिकिटाच्या मोबदल्यात विकला जाणारा देखावा सर्वांच्या मालकीच्या देखाव्यातून कापून घेतला होता, हा त्याच्यावरील आक्षेपाचा गाभा होय.

या विरोधाला पहिला तडा गेला तो सरकारच्याच हातून. १९७१ च्या जुलैमध्ये, निक्सन यांच्या कारकिर्दीत, राष्ट्रीय उद्यान सेवेने मनोऱ्याच्या मालकाशी करार केला. मनोरा मूळ ठिकाणाहून थोडा दूर हलवावा, उत्पन्नाचा काही भाग रणभूमीच्या जतनासाठी द्यावा, आणि त्या बदल्यात सरकारने विरोध सोडून उद्यानाच्या जमिनीतून रस्ता द्यावा, असा त्या कराराचा आशय होता. अधिकाऱ्यांची विचारसरणी उघड आहे. जमीन खाजगी आहे, थांबविण्याचा नियम हाताशी नाही, मग अगदीच वाईट जागेऐवजी जरा कमी वाईट जागा पदरात पाडून घ्यावी, हे शहाणपण त्यांनी केले. प्रत्येक कचेरीत हे शहाणपण ओळखीचे आहे. त्याचा दोष एवढाच की, तडजोड करणारा एकदा सहीचा धनी झाला की पुढे त्याला विरोधाचा नैतिक अधिकार उरत नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी आपल्या राज्यघटनेत एक नवे कलम मोठ्या बहुमताने घातले होते. शुद्ध हवा, निर्मळ पाणी आणि परिसरातील नैसर्गिक, ऐतिहासिक व सौंदर्यविषयक मूल्यांचे जतन हा जनतेचा हक्क आहे आणि राज्य हे या संपत्तीचे विश्वस्त आहे, असे ते कलम सांगते. राज्यपाल शॅप यांच्या सरकारने याच कलमाचा आधार घेऊन मनोऱ्यावर मनाईहुकूम मागितला. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हा दावा फेटाळला गेला. न्यायमूर्तींची मते एका मुद्द्यावर एकवटली नव्हती. हे कलम आपोआप अमलात येणारे नाही, विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केल्याखेरीज सरकारला त्याच्या जोरावर एखाद्याच्या जमिनीचा वापर रोखता येणार नाही, असे मत मुख्य निकालपत्रात व्यक्त झाले. खालच्या न्यायालयाने तर कलम लागू मानूनही मनोऱ्यामुळे होणारी हानी पुरेशी सिद्ध झालेली नाही असा निष्कर्ष काढला होता. न्यायाधीशांची अडचण समजण्यासारखी आहे. सौंदर्य आणि पावित्र्य या शब्दांचे माप कोणत्या फूटपट्टीने घ्यावयाचे? आज मनोरा अडविला तर उद्या एखाद्याचे घर केवळ आवडले नाही म्हणून अडविले जाणार नाही काय? मालमत्तेच्या हक्काचा हा प्रश्न लोकशाहीत हसण्यावारी नेता येत नाही. तथापि घटनेत जनतेने स्वतः लिहिलेले वाक्य पहिल्याच कसोटीला निष्प्रभ ठरले, ही गोष्टही तितकीच गंभीर होती. १९७४ च्या जुलैमध्ये मनोरा लोकांसाठी खुला झाला.

येथे एक बाब विसरता कामा नये. सरकार हतबल होते, हे म्हणणे खरे नाही. १८९० नंतरच्या दशकात याच रणभूमीवरून एका कंपनीने विजेच्या ट्रामचे रूळ टाकले होते. केंद्र सरकारने ती जमीन सक्तीने संपादन करावयाचे ठरविले. कंपनीने विचारले, रणभूमी जतन करणे हे सार्वजनिक प्रयोजन कसे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये एकमताने उत्तर दिले की राष्ट्राने आपल्या इतिहासातील अशा स्थळाचे रक्षण करणे हे निःसंशय सार्वजनिक प्रयोजन आहे आणि योग्य मोबदला देऊन जमीन घेण्याचा सरकारला अधिकार आहे. म्हणजे मनोऱ्याचा पाया खणला जाण्यापूर्वी पाऊणशे वर्षे सरकारच्या हाती अधिकार होता. नव्हती ती इच्छा, आणि कदाचित तिजोरी उघडण्याची तयारी. रिकामी जमीन विकत घेण्याऐवजी सरकारने तडजोडीचा कागद विकत घेतला.

पुढील कहाणी या न वापरलेल्या अधिकाराकडे परतण्याची आहे. १९९० मध्ये काँग्रेसने उद्यानाच्या हद्दी वाढविल्या आणि मनोऱ्याची जागा हद्दीच्या आत आली. १९९९ मध्ये उद्यानाचा नवा आराखडा झाला. रणभूमी शक्य तितकी १८६३ च्या रूपात आणावी असा त्याचा रोख होता. अंतर्गत खात्याचे मंत्री बॅबिट (अमेरिकेत हे खाते पोलिसांचे नसून सार्वजनिक जमिनी व राष्ट्रीय उद्याने यांचे आहे) यांनी आपल्या कारकिर्दीतच मनोरा पाडण्याचे जाहीर केले. सरकारने सक्तीच्या संपादनाची कारवाई केली, मोबदल्यासाठी पैसा उभा केला आणि अखेर लढाईच्या तिसऱ्या दिवसाच्या १३७ व्या वर्षदिनी सुरुंग पेटले. पाडण्याचे काम मेरीलँडमधील एका नामांकित कंपनीने विनामूल्य केले. परंतु मनोऱ्याची व जमिनीची किंमत करदात्यांनाच मोजावी लागली. उभारण्याची परवानगी फुकट होती. ती परत घेण्यासाठी मात्र पैसा, न्यायालयीन खटपट आणि सव्वीस वर्षे एवढा खर्च आला.

मनोरा पाडणे हा सरकारी दांभिकपणा होता, असाही आक्षेप घेता येईल आणि त्यात काही तथ्य आहे. कारण रणभूमीवर स्वतः सरकारनेही बांधकाम केले होते. १९६२ मध्ये उद्यान सेवेने रिचर्ड नॉयट्रा या ख्यातनाम वास्तुविशारदाकडून लढाईचे प्रचंड वर्तुळाकार चित्र ठेवण्यासाठी एक आधुनिक इमारत उभारून घेतली. आणि ती जागा तर उत्तरेच्या संरक्षणफळीच्या अगदी मधोमध होती. खाजगी मालकाला नियम दाखवायचा आणि स्वतः मात्र तो मोडायचा, असे हे वर्तन झाले. परंतु गेटिसबर्गच्या बाबतीत न्याय उशिरा का होईना, दोघांना सारखा मिळाला. वास्तुकलेच्या चाहत्यांनी दीर्घकाळ न्यायालयीन लढा देऊनही ती इमारत २०१३ मध्ये पाडण्यात आली. एका मान्यवर कलावंताची कृती आणि एका व्यावसायिकाचा तिकिटाचा मनोरा या दोहोंना एकच माप लावले गेले. त्यामुळे मनोरा केवळ कुरूप म्हणून गेला असे म्हणता येत नाही. तो जागा चुकली म्हणून गेला.

भारतीय वाचकाला या प्रकरणातील एक भाग विशेष परिचयाचा वाटेल. आपल्या राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ४९ वे कलम आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ते सांगते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचे ४८-अ कलम आले आणि संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकांचेही मूलभूत कर्तव्य ठरले. परंतु मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे न्यायालयाकडून थेट अंमलबजावणी मागता येत नाही, हे नागरिकशास्त्र शिकविणारा प्रत्येक शिक्षक वर्गात सांगतो. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीखेरीज नाही, हे बंधन २०१० मध्ये संसदेने कायद्यातच घातले, तेव्हा त्या उदात्त वाक्यांना हातपाय फुटले. शंभर मीटर हा आकडा रुक्ष आहे, कधीकधी तो गैरसोयीचाही ठरतो, आणि स्मारकाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना तो जाचक वाटतो हेही खरे. पण कोणाचा देखावा कोणी अडवावा याचा वाद इमारत उभी राहण्यापूर्वीच मिटविण्याचे सामर्थ्य अशा रुक्ष आकड्यातच असते. गेटिसबर्गच्या वेशीवर १९७१ मध्ये उंचीची अशी एक ओळ कागदावर असती, तर राज्यपालाला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या कलमाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होत नाही. चाळीस वर्षे ते बहुतांशी निद्रिस्त राहिले. नंतर २०१३ मध्ये नैसर्गिक वायूच्या उत्खननाविषयीच्या खटल्यात आणि अधिक स्पष्टपणे २०१७ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा जाग आणली. राज्य हे खरोखरीच विश्वस्त आहे आणि जनतेचा हा हक्क केवळ शोभेचा नाही, असे न्यायालयाने मानले. म्हणजे मनोऱ्याच्या खटल्यात हरलेला विचार मनोरा पडून गेल्यावर जिंकला. अशी विलंबित फळे हे घटनात्मक राज्यव्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. परंतु त्या विलंबाची किंमत कोणीतरी मोजतच असते. गेटिसबर्गला १९७४ पासून २००० पर्यंत सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी रणभूमी पाहिली ती त्या पोलादी सांगाड्यासह. त्यांच्यासाठी कोणतेही न्यायालय ते दिवस परत आणू शकले नाही.

आज त्या जागी मनोरा नाही आणि दफनभूमीवरचे आकाश पुन्हा मोकळे आहे. लिंकन ज्या टेकडीवर बोलले तेथून दृष्टी आता अडत नाही. पण नवे मनोरे उभारू पाहणारे जगात सर्वत्र आहेत आणि ‘थोडे बाजूला सरकून बांधा’ म्हणून सही करणारे अधिकारीही सर्वत्र आहेत. मनोरा पाडता येतो, हे गेटिसबर्गने सिद्ध केले. त्याहून स्वस्त मार्ग १८९६ पासून कायद्याच्या पुस्तकात होता, हेही त्यानेच सिद्ध केले. पहिला बोध टाळ्यांच्या कडकडाटात सर्वांच्या कानी गेला. दुसरा मात्र सही करण्यापूर्वी आठवावयास हवा.