अरब की इराणी? हा प्रश्नच चुकीचा

आमच्या निवृत्त मंडळींच्या गप्पांत एक सिद्धांत सारखा डोके वर काढतो. इ.स. ७५० मध्ये इराण्यांनी अरबांना हरवले, उमय्यांची सत्ता गेली आणि अब्बासी आले. वंशाविरुद्ध वंश, संपला विषय! हाच चष्मा मग मोगल दरबारालाही लागतो: इराणी, तुराणी, हिंदुस्तानी. मला हे साफ अमान्य आहे. शत्रूचे मूल्यमापन असे रकाने आखून केले, तर त्याची किंमत पलटणीतली पोरं मोजतात.

खुरासानची फौज पाहा. ७४७ मध्ये मर्वजवळ काळी निशाणे उभारणाऱ्या अबू मुस्लिमला बहुतेक इतिहासकार इराणी मानतात. ठीक. पण तीच फौज पश्चिमेकडे नेणारा सेनापती कहतबा अरब होता, तय्यी टोळीचा. खुरासानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले अरब आणि स्थानिक मुसलमान एकाच फौजेत होते. हजेरीपटावर टोळीऐवजी गाव लिहीत. ज्याने कधी रोल कॉल घेतला आहे, त्याला एवढी नोंद पुरे. तख्तावर बसले ते अरबच, आणि ७५५ मध्ये त्यांनी अबू मुस्लिमचा काटा काढला.

सध्या पोस्टिंग दिल्लीत, सकाळची दौड हिंदूरावच्या रिजवर. (हिंदूराव म्हणजे बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, कागलकर घाटगे. दिल्लीकराला फक्त इस्पितळ ठाऊक!) तिथून लाल किल्ला चारेक किलोमीटर. फेब्रुवारी १७१९ च्या अखेरीस त्या किल्ल्यात फर्रुखसियरला तख्तावरून खेचले. खेचणारे कोण? बारहाचे सय्यद बंधू. सोबत बादशहाचा सख्खा सासरा, मारवाडचा अजितसिंह. आणि बाळाजी विश्वनाथांबरोबर दख्खनेतून आलेले मराठे. आपल्या लोकांना दिल्लीचा वंश कुठला याच्याशी देणेघेणे नव्हते. त्यांना येसूबाईंची सुटका आणि सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी हवी होती. ती मिळाली. पण त्या गदारोळात हजाराहून जास्त मराठे शहराच्या रस्त्यांत कापले गेले.

ऑक्टोबर १७२० मध्ये धाकटा सय्यद हुसेन अली मारला गेला. कटाचा म्होरक्या तुराणी मुहम्मद अमीन खान. त्याला सामील निशापूरचा सआदत खान, म्हणजे इराणी आणि शिया. मरणारा सय्यदही शियाच. पुढे सआदत खानाला अवधचा सुभा मिळाला.

ज्यांना अजूनही वंशाचाच चष्मा हवा, त्यांनी सआदत खानाला कुठल्या रकान्यात बसवायचे ते आधी सांगावे.