जुना टोमॅटो वाचवायचा तर त्याला मर रोगाशी लढता आलं पाहिजे



आपल्याकडे काही भागांत टोमॅटोला भेदरे म्हणतात, काही ठिकाणी बेलवांगी. नावं जुनी, तसं परसात राखलेलं बियाणंही जुनं. पातळ सालीचा, आंबटगोड, रसाळ टोमॅटो. असं बी जपलं पाहिजे, हे सगळेच म्हणतात. पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? माझं मत असं की, नुसतं डब्यात बी ठेवून वाण जगत नाही. ज्या रोगामुळे तो शेतातून जातो, त्या रोगाशी लढण्याची ताकद त्याच्यात आणली तरच तो जगेल.

मर रोग म्हणजे काय?

फ्युजेरियम नावाची बुरशी जमिनीत राहते. ती मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद पाडते. खालची पानं पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाच्या एकाच बाजूची. खोड उभं चिरून पाहा, आत तपकिरी रेषा दिसतात. जिवाणूमुळे होणारी मर वेगळी. त्यात हिरवं झाड अचानक माना टाकतं आणि कापलेलं खोड स्वच्छ पाण्यात धरलं की दुधासारखा धागा सुटतो. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण एका रोगाला तोंड देणारा वाण दुसऱ्यालाही तोंड देईलच असं नाही.

ही बुरशी पीक नसतानाही मातीत वर्षानुवर्षं टिकते. झाडाच्या आत शिरल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून खरा उपाय बियाण्यातच शोधावा लागतो.

उपाय कुठे सापडला?

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तिथल्या पेरू देशात त्याचा एक रानटी भाऊ उगवतो, फळ जेमतेम मोठ्या वाटाण्याएवढं. बाजारात त्याला कोण विचारणार? पण 1939 मध्ये अमेरिकेत बोन आणि टकर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की याच्या एका नमुन्याला फ्युजेरियमची मर होत नाही. ही ताकद एका प्रभावी जनुकात होती. मार्ग्लोब या तेव्हाच्या लोकप्रिय वाणाशी त्याचा संकर करून 1941 मध्ये 'पॅन अमेरिका' हा वाण आला. ज्याला कोणी तण समजून उपटलं असतं, त्यानेच पीक वाचवलं!

आता मेंडेलचा वाटाणा आठवा. जनुक प्रभावी असेल तर ते एकाच पालकाकडून आलं तरी काम करतं. म्हणून पद्धत सरळ आहे. जुन्या वाणाचा रोगप्रतिकारक झाडाशी संकर करायचा. आलेल्या रोपांची मुळं बुरशीच्या पाण्यात बुडवून लावायची. जी जगतील, त्यांचा पुन्हा मूळ वाणाशीच संकर करायचा. मूळ वाणाचा वाटा सरासरी 50 टक्क्यांवरून 75, मग 87.5, मग 93.75 असा वाढत जातो. मूळ वाणाशी सहा वेळा संकर झाला की तो 99 टक्क्यांच्या पुढे जातो. शेवटी झाडाचं स्वपरागीभवन होऊ द्यायचं आणि शुद्ध रोपं निवडायची. वर्षाला दोन पिढ्या धरल्या तर चार-पाच वर्षांचं काम. मात्र दर पिढीत फळ चाखून पाहायला हवं, कारण हव्या त्या जनुकाबरोबर शेजारचे नको असलेले गुणही येतात.

"मग तो जुना कसा राहिला?"

हा प्रश्न रास्त आहे. पण विचार करा, टोमॅटो स्वतःच समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. पिढ्यान्‌पिढ्या चांगलं फळ निवडून बी राखलं, म्हणून तो आपला झाला. निवड थांबली की वाण संग्रहालयातली वस्तू होतो.

दुसरा प्रश्न: रोगप्रतिकारक संकरित बियाणं बाजारात मिळतं, मग हा खटाटोप कशाला? कारण संकरित फळातलं बी पेरलं तर सगळी झाडं सारखी येत नाहीत, दर हंगामाला नवं पाकीट घ्यावं लागतं. जुन्या वाणात हीच ताकद पक्की केली, तर शेतकरी घरचंच बी वर्षानुवर्षं वापरू शकतो. माझ्या मते खरी लढाई इथे आहे. चव वाचवायची आहेच, पण बी राखण्याचा हक्कही वाचवायचा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. बुरशीही बदलते. पहिल्या जनुकाला चुकवणारा तिचा दुसरा प्रकार 1945 मध्येच ओहायोत नोंदवला गेला. पुढे तिसरा प्रकार ऑस्ट्रेलियात सापडला. त्यांच्यासाठी रानटी नात्यांतून नवी जनुकं शोधावी लागली. म्हणून एकाच जनुकावर विसंबू नका. पिकाची फेरपालट करा, उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून ती तापवा, रोगट झाडं उपटून नष्ट करा.

हे काम फक्त मोठ्या प्रयोगशाळांवर सोडू नये, असं मला वाटतं. कृषी महाविद्यालयं आणि बी राखणारे शेतकरी एकत्र आले तर ते होऊ शकतं. तुम्हीही सुरुवात करू शकता. घरी आजीला किंवा गावातल्या जाणत्या माणसांना विचारा, पूर्वीचा टोमॅटो कसा होता आणि त्याचं बी आज कोणाकडे आहे? ते बी हाती लागलं, तरच पुढची निवड करता येईल.